सहा फुटांची दोरी

भारतातून अमेरिकेत आलेल्या पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट जाणवते. रस्त्यावर एकही मोकाट कुत्रा नाही! दिसतात ते सगळे दोरीला बांधलेले, आणि मालकाच्या दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. "काय शिस्त आहे हो या लोकांना," असं म्हणून पाहुणे सुस्कारा सोडतात. ही शिस्त काही यांच्या रक्तात नव्हती, म्हणून हा लेखप्रपंच.

न्यूयॉर्कचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात तिथेही कुत्री आपल्याकडच्यासारखीच हिंडत. उन्हाळा आला की रेबीजची धास्ती सुरू होई, कुत्र्यांना मुसकं बांधायचे हुकूम निघत, आणि मोकाट कुत्रा पकडून आणणाऱ्याला बक्षीस मिळे. मग पोरं लोकांचे पाळीव कुत्रेही पळवून आणत. (सरकारी बक्षिसाचं जगभर हेच होतं.) पकडलेली कुत्री ईस्ट नदीच्या काठावर एका लोखंडी पिंजऱ्यात कोंबायची, पिंजरा क्रेनने पाण्यात सोडायचा आणि थोड्या वेळाने वर काढायचा. जुलै १८७७ मध्ये एकाच दिवसात अशी ७०० हून जास्त कुत्री बुडवली.

मुंबईत कंपनी सरकारने १८३२ साली कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली आणि लष्कर बोलवावं लागलं. तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही.

न्यूयॉर्ककरांना क्रूर म्हणण्याआधी त्यांची भीती समजून घ्यायला हवी. डिसेंबर १८८५ मध्ये जवळच्याच न्यूअर्क गावात पिसाळलेला कुत्रा मुलांना चावला. पाश्चरने पॅरिसमध्ये लस पहिल्यांदा टोचली त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. लोकांनी वर्गणी काढली, अँड्र्यू कार्नेगीनेही पैसे दिले, आणि चार मुलं बोटीने पॅरिसला गेली. चौघंही वाचली. परतल्यावर त्यांना तिकीट लावून लोकांना दाखवण्यात आलं, हा खास अमेरिकन शेवट. पण तोपर्यंत कुत्रा चावला की आईबापांनी नुसती वाट बघायची असे, हे विसरून चालणार नाही.

१८९४ मध्ये शहराने हे काम तिथल्या प्राणिदया संस्थेकडे सोपवलं आणि कुत्र्याला परवाना लागू लागला. नदीतला पिंजरा गेला, त्याची जागा गॅसने घेतली.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १८९७ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल. न्यू ऑर्लिन्समध्ये मालकाबरोबर फिरायला निघालेली एक उंची जातीची कुत्री मोकळीच रुळांवर गेली आणि ट्रामखाली सापडली. मालकाने भरपाई मागितली. पण कुत्रीची करयादीत नोंद नव्हती, आणि कोर्टाने त्याला नकार दिला. न्यायमूर्ती ब्राऊन यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की कुत्र्याकुत्र्यात जितका फरक असतो तितका दुसऱ्या कुठल्याच जनावरात नसतो, म्हणून राज्याला सगळ्याच कुत्र्यांवर नियम घालता येतात. (वर्षभरापूर्वी गोऱ्या-काळ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे ठेवायला मान्यता देणारा निकाल याच ब्राऊनसाहेबांनी लिहिला होता. असो.)

"आमचा टॉमी काही करत नाही हो," हे वाक्य पुण्याच्या सोसायटीत ऐका नाहीतर इथल्या बागेत, ते बहुतेक वेळा खरंच असतं. पण समोरून काठी टेकत येणाऱ्या आजोबांना ते कळायचं कसं? दोरी टॉमीसाठी नसतेच, त्या आजोबांसाठी असते. न्यूयॉर्कमध्ये तिची लांबी जास्तीत जास्त सहा फूट. हातातली ती पिशवी तर १९७८ च्या कायद्याने आली, तीही भरपूर भांडणांनंतर.

अमेरिकेतल्या कुत्र्यांमधला खास रेबीज संपल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं. ते श्रेय मुख्यतः लशीचं. मात्र रस्ते रिकामे दिसतात त्याला दुसरी बाजूही आहे. कोणी घरी न नेलेली काही लाख कुत्री इथल्या निवाऱ्यांमध्ये दरवर्षी मारली जातात. पाहुण्यांना ती दिसत नाहीत.

न्यूयॉर्कच्या काही बागांमध्ये रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊपर्यंत कुत्रा मोकळा सोडायची जुनी सवलत होती. तिच्यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि २००७ मध्ये तिचा रीतसर नियम झाला. फक्त परवाना आणि रेबीजच्या लशीचा कागद जवळ लागतो.