उड्डाणाच्या आधी उतरा

विमानाचा नाद असलेल्या माणसाला काळात मागे जायची सोय करून दिली, तर तो कुठली तारीख मागेल हे सांगायला ज्योतिषी नको. पहिलं उड्डाण, पहिली तुकडी, पहिली सलामी. या सफरीत तशी तारीख मिळणार नाही. नियम एकच आहे: उड्डाणाच्या दिवशी उतरायचं नाही, त्याच्या आधी उतरायचं. बँडवाले आलेले नसतात, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडलेल्या नसतात, विमानाचं पोट उघडं असतं आणि ज्यांनी ते जोडलं ती माणसं अजून जागेवर असतात, अशा एखाद्या साध्या दिवशी.

सुरुवात अमौसीहून. लखनौच्या या विमानतळाला २००८ पासून चौधरी चरणसिंह यांचं नाव आहे, मार्च २०२४ मध्ये इथे नवं टर्मिनलही झालं; पण शहरात जुनी माणसं अजून ‘अमौसी’च म्हणतात. तुमच्याबरोबर पुण्या-मुंबईहून आलेले बाकीचे प्रवासी चिकनकारी आणि टुंडे कबाबच्या वाटेला लागले आहेत. तुम्ही बॅग पाठीला लावून कानपूर रोडवर या. उजवीकडे वळलं की लखनौ, डावीकडे कानपूर असल्या भानगडीत पडू नका. बसच्या दारात लोंबकळणाऱ्या पोराला विचारा. तुम्हाला उन्नाववरून गंगा ओलांडून कानपूरच्या पूर्वेला चकेरीला जायचं आहे. आज हा दीड-दोन तासांचा रस्ता आहे. तुम्ही मात्र गंगेच्या पुलावर असतानाच वर्ष बदला.

१९४८, चकेरी

कपडे साधे हवेत. खाकी चड्डी, बनियन, तेलाचे डाग पडलेला सदरा. कॅमेरा अजिबात नको. पहिल्याच पहाऱ्यावर अडकाल. हातात पाना ठेवा. पाना घेऊन घाईघाईने चालणाऱ्या माणसाला लष्करी तळावर सहसा कोणी हटकत नाही.

पाऊस नुकताच येऊन गेलाय आणि उकाडा आणखी वाढलाय. पुढे मोकळ्या मैदानात, गुडघाभर गवतात, जवळपास शंभर लिबरेटर पडली आहेत. बी-२४ लिबरेटर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं चार इंजिनांचं अवजड बॉम्बफेकी विमान. अमेरिकेत ही १८ हजारांहून अधिक बनली. फोर्डच्या विलो रन कारखान्यातून ऐन भरात तासाला जवळपास एक विमान बाहेर पडत होतं. पंखांची टोकं मोजली तर ११० फूट भरतात. शेपटीला दोन उभे, लंबगोल पडदे. पोटाची दारं बाहेर उघडत नाहीत, ती दुकानाच्या शटरसारखी अंगावरून वर सरकतात.

तुमच्यासमोरची विमानं मात्र लढाईत पडलेली नाहीत. ती मुद्दाम मोडलेली आहेत. ब्रिटिशांना ही विमानं उसनवारीच्या करारावर मिळाली होती. युद्ध संपल्यावर परत करा, विकत घ्या किंवा नष्ट करा, असा हिशेब होता. परत न्यायचा खर्च कोण करणार? मग चकेरीच्या तळावर त्यांची मोडतोड झाली. कुठे बुलडोझर अंगावर घातला, कुठे कॉकपिटमधली घड्याळं फोडली, कुठे इंजिनात वाळू ओतली. पुन्हा कोणी उडवू नये, एवढाच हेतू.

पण काश्मीरची लढाई सुरू आहे आणि नव्या भारताच्या हवाई दलाकडे अवजड बॉम्बफेकी विमान नाही. विकत घ्यायला पैसाही नाही. म्हणून बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टला विचारलं गेलं: या भंगारातून काही उठवता येईल का?

इथे मराठी वाचकाने जरा छाती पुढे काढायला हरकत नाही. ती कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारला सोबत घेऊन डिसेंबर १९४० मध्ये उभी केली होती. मोटार, जहाज आणि विमान, तिन्ही या देशात बनली पाहिजेत असा ध्यास घेतलेला माणूस. दोनच वर्षांत कारखाना सरकारच्या हाती गेला आणि युद्धभर तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती झाली. वालचंदांना हवा होता विमान घडवणारा कारखाना. युद्धाने त्याला विमान जुळवायला शिकवलं. आज चकेरीच्या गवतात तेच शिक्षण कामाला येतंय.

बघत काय उभे राहिलात? आत या. एका मिस्त्रीने तुम्हाला कामाला जुंपलंय. विमानाच्या कुशीत बुलडोझरने पाडलेला खड्डा आहे. चेपलेला पत्रा कापून काढलाय, आतली वाकलेली बरगडी लाकडी हातोड्याने ठोकून सरळ केलीय, वर शेजारच्या विमानातून कापून आणलेल्या पत्र्याचं ठिगळ बसतंय. आता रिव्हेट. बाहेरचा माणूस हवेच्या दाबावर चालणारी हातोडी रिव्हेटच्या डोक्यावर धरतो. आतून कोणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे रिव्हेटचं दुसरं टोक त्यावर चेपून बसतं. तो आतला माणूस म्हणजे तुम्ही. सांगाड्यात वाकून, घामाने निथळत, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नसताना. बाहेरून एक टकटक म्हणजे तयार राहा. हातोडी सुरू झाली की आवाज दातांत उतरतो. ठोकळा तिरका धरलात तर रिव्हेट वाकडा बसतो, मग तो पोखरून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

ते झालं की कॉकपिट. चार फुटक्या पाट्यांमधून एक धड उंचीमापक निवडायचा. या विमानाचं चाक, त्याची नळी, तिसऱ्याची वायर. इंजिनं तर प्रत्येकी चौदा सिलिंडरची, प्रत्येक विमानाला चार. एका विमानासाठी किती विमानं रिकामी होतात हे बघून जीव हळहळतो, पण इथे हळहळायला वेळ कोणाला आहे?

अशा जुळवलेल्या विमानात जमशेद मुन्शी बसतात. हिंदुस्तान एअरक्राफ्टचे चाचणी वैमानिक. याआधी त्यांनी लिबरेटर चालवलेलं नाही. चकेरीला ते जेमतेम उडण्याजोगं करायचं, दीड हजार किलोमीटर दक्षिणेला बंगळूरला न्यायचं आणि तिथल्या कारखान्यात पूर्ण दुरुस्ती करायची, अशी रीत. त्यांनी ४२ विमानं अशी नेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये याच कानपूरला हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन लिबरेटरवर उभी राहिली. तो सोहळा बघायला थांबू नका. नियम आठवतोय ना?

१९६१, तोच तळ

तेरा वर्षं पुढे या, जागा बदलू नका. लढाईच्या काळातल्या हँगरमध्ये आता ॲव्हरो जोडलं जातंय: दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं प्रवासी आणि मालवाहू विमान. मूळ आरेखन इंग्लंडचं. तिथे ते पहिल्यांदा उडालं जून १९६० मध्ये. कानपूरचं पहिलं विमान उडणार १ नोव्हेंबर १९६१ ला, म्हणजे सोळा महिन्यांनी. आणि त्या आधीच्या वर्षी, जानेवारी १९६० मध्ये, इथे कारखाना नावाची गोष्टच नव्हती. हवाई दलाने स्वतःच एअरक्राफ्ट मॅन्युफॅक्चरिंग डेपो काढला आणि दुरुस्तीच्या डेपोतली माणसं, यंत्रं, छपरं त्याच्या पदरात घातली.

या सगळ्यामागे धावणाऱ्या सरदारजींना ओळखा. हरजिंदर सिंग, एअर व्हाइस मार्शल. इंजिनिअरिंगची पदवी हातात असताना १९३० च्या सुमारास ‘हवाई शिपाई’ म्हणून भरती झालेला माणूस. विमानांना हात लावणारे पहिले हिंदी तंत्रज्ञ जे थोडे होते, त्यांतला एक. ज्याने पाना धरून सुरुवात केली तो आता सगळ्या देखभाल विभागाचा प्रमुख आहे. तो विभाग, मेंटेनन्स कमांड, तेव्हा कानपूरला होता. आज त्याचं मुख्यालय नागपूरला वायुसेनानगरात आहे.

इथला आवाज १९४८ सारखा नाही. ठोकाठोकी आहेच, पण आता प्रत्येक तुकडा साच्यात बसतो. साचा म्हणजे जिग: लोखंडी चौकट, जिच्यात पंखाचा सांगाडा इंचाच्या बारीक अंशापर्यंत बरोबर धरला जातो. भंगारातून जुळवताना डोळा आणि अंदाज चालत होता, इथे मोजमाप चालतं. एकाच मैदानावर तेरा वर्षांत हा पल्ला गाठला गेला आणि दोन्हीकडे काम करणारे हात पुष्कळसे त्याच परंपरेतले. पहिल्या विमानाला नाव मिळेल ‘सुब्रोतो’, वर्षभरापूर्वी गेलेले हवाई दलप्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या आठवणीसाठी. पण त्याला आणखी काही दिवस आहेत. आज त्याच्या नाकाला रंगही लागलेला नाही.

१९७० नंतर, लखनौ

परत अमौसीला या. आजच्या काळातली एक सोय इथे उधार घ्या: विमानतळाखालूनच सुटणारी मेट्रो. शहर ओलांडून ती तुम्हाला इंदिरानगरच्या बाजूला सोडते. फैजाबाद रोडवर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा ॲक्सेसरीज विभाग आहे, १९७० पासूनचा. फाटकावरच वर्ष बदलून आत शिरा, कारण आजच्या वर्षात तुम्हाला आत सोडणार नाहीत.

इथे एकही आख्खं विमान दिसणार नाही आणि तुमच्यासारख्या हौशी माणसाचं तोंड उतरेल. जरा थांबा. विमान म्हणजे पंख आणि इंजिन एवढंच असतं का? चाकं आत ओढणारा दंड, ब्रेक, इंधनाचे पंप, हायड्रॉलिकच्या झडपा, वैमानिकासमोर डोलणारी जायरोची घड्याळं: हे सगळं कुणीतरी कुठेतरी बनवतं आणि ते कुठेतरी म्हणजे हे. ओझरला, नाशिकजवळ, मिग-२१ ची अंगं जोडली जातात. इंजिनं ओडिशात कोरापुटला. इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. आणि हे बारीकसारीक जिन्नस लखनौला.

चाचणीच्या टेबलाशी उभे राहा. तळहातावर मावणारी एक झडप दर चौरस इंचाला सुमारे तीन हजार पौंडांच्या दाबाखाली ठेवलीय. कारागीर काटा बघत नाही, झडपेच्या सांध्याकडे बघतोय. तेलाचा एक थेंबही जमता कामा नये. नखाला न जाणवणारा ओरखडा पुरतो, आणि धावपट्टीवर उतरताना चाक बाहेर येत नाही. थेंब आला. कारागीर काही बोलत नाही. झडप काढून बाजूच्या लाल खोक्यात ठेवतो आणि पुढची उचलतो. ओझरला पहिलं मिग उडालं त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. या खोक्याचं छायाचित्र कोणी काढलं नाही.

लोहगाव, लंडन, ओटावा

आता त्या लिबरेटरचं पुढे काय झालं, ते बघायला पुण्याला चला. १९५० च्या दशकात लोहगावच्या तळावर सहावी स्क्वाड्रन लिबरेटर घेऊन समुद्रावर गस्त घालते. चार इंजिनांची जड घरघर पुणेकरांच्या कानांना सरावाची झाली आहे. भंगार म्हणून फोडलेली विमानं १९६८ अखेरपर्यंत सेवेत राहिली: मोडल्यावर वीस वर्षं.

आणि मग जगातल्या संग्रहालयांना जाग आली. हजारोंनी बनलेली ही विमानं अमेरिकेत आणि इंग्लंडात वितळवून टाकली गेली होती. उडण्याजोगी बरीचशी उरली होती ती भारतात. १९७४ मध्ये आपल्या हवाई दलाने भेट दिलेलं एक लिबरेटर उडत इंग्लंडला गेलं. ते आज रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात आहे. एक कॅनडात ओटावाला आहे, एक ॲरिझोनात पिमाच्या संग्रहालयात. आणखी एक अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनने दुरुस्त केलं आणि १९८९ मध्ये पुन्हा आकाशात नेलं. आपल्याकडचं बघायचं असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जा.

या सगळ्यांच्या पुढ्यात पाटी असते. पाटीवर इंजिनाची ताकद, पंखांची लांबी, स्क्वाड्रन, लढाई, एखाद्या वैमानिकाचं नाव. आणि ‘भारतातून आणलेलं’ अशी एक ओळ, जणू ते भारतात सावलीत ठेवलेलं होतं. आता तुम्हाला माहीत आहे की ते ठेवलेलं नव्हतं, उठवलेलं होतं. म्हणून पाटी वाचत थांबू नका, विमानाच्या कुशीला जा. पत्र्याचा रंग बदलतो कुठे, रिव्हेटची ओळ जरा वाकडी जाते कुठे, दोन वेगळ्या जाडीचे पत्रे भेटतात कुठे ते शोधा. प्रत्येक ठिगळ चकेरीचंच असेल असं नाही. नंतरही बऱ्याच हातांनी दुरुस्त्या केल्या. पण विमानाचा खरा दाखला तिथे आहे.

शेवटची तारीख तुम्ही स्वतः निवडायची आहे. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून, नाशिकच्या कारखान्यातलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. संरक्षणमंत्री आले होते, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली, चित्रफीत सगळ्यांनी बघितली. ती परत बघायला काळाची यंत्रणा कशाला वापरायची? तुम्ही १० ऑक्टोबर मागा, किंवा त्याच्या आधीचा एखादा मंगळवार. दुसऱ्या पाळीची बस फाटकाशी लागलेली असेल, डबा हातात घेऊन माणसं आत जात असतील आणि विमानाची निम्मी झाकणं उघडी असतील. पाना बरोबर घ्या. आतून ठोकळा धरायला माणूस लागेलच.