अंगणवाडी: एका शब्दाची कुळकथा

परभणीहून गंगाखेडकडे निघालेली पॅसेंजर 'पोखर्णी नृसिंह' या स्थानकात थांबते. गावच्या नावाला देवाचं नाव चिकटलेलं. नृसिंह आला की प्रल्हाद आला, आणि प्रल्हादामागोमाग त्याची शाळाही. भागवताच्या सातव्या स्कंधात तिचं वर्णन आहे. शुक्राचार्यांचे मुलगे शंड आणि अमर्क हे गुरुजी, आणि विद्यार्थी पाच वर्षांचा. गुरुजी घरच्या कामाला गेले की हा पोरगा सवंगड्यांना गोळा करून भलतंच काही शिकवतो. तुला हे कुणी सांगितलं, असं सवंगड्यांनी विचारल्यावर म्हणतो, आईच्या पोटात असताना नारदांकडून ऐकलं. म्हणजे लेकरू कोरी पाटी घेऊन येत नाही. देवळात आपण हे हात जोडून कबूल केलं. शाळेला ते पटायला मात्र फार काळ जावा लागला.

पंतोजींच्या शाळेत मूल म्हणजे रिकामी घागर. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं आणि पावकी-निमकी-पाऊणकी घोकायची. त्या घोकंपट्टीने बाजारात न फसणारी माणसं घडवली, हे खरंच. पण तीन-चार वर्षांच्या पोराला त्या शाळेत जागा नव्हती. त्या वयात शिकण्यासारखं काही घडतं, असंच कुणाला वाटत नव्हतं.

ते वाटायला लागलं आणि नवे शब्द जन्मले. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1840 मध्ये आपल्या शाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. रोप ओढून वाढत नाही, माळ्याने माती आणि पाणी बघावं, हा त्या नावामागचा विचार. 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह काढलं. विशिष्ट वयात मूल विशिष्ट गोष्टींसाठी आसुसलेलं असतं, त्या वेळी त्याच्या हाताला नेमकं काम मिळालं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

हा विचार गुजरातमार्गे मराठीत आला. 1920 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांनी मुलांची शाळा काढली, तिचं नाव बालमंदिर. 1923 मध्ये ताराबाई मोडक तिथे दाखल झाल्या. दोघांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. माँटेसरींचं त्यांनी बरंच घेतलं, पण जसंच्या तसं नाही. लहान मुलांना परीकथा सांगणं माँटेसरींना रुचत नसे. गिजुभाई तर गोष्टीवाचून शाळेची कल्पनाच करू शकत नव्हते. 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. मंदिर काय, विहार काय, दोन्ही ठिकाणी मुलानेच चालत जायचं. शहरातल्या मध्यमवर्गाला ते जमत होतं.

1945 मध्ये ताराबाई बोर्डी या गावी गेल्या आणि गाडं अडलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. गावात त्यांनी बालवाडी मांडली, पण ज्या पोरांसाठी मांडली ती फिरकेनात. कुणी धाकटं भावंड कडेवर घेऊन बसलेलं, कुणी गुरांमागे गेलेलं. तेव्हा शाळाच उठली आणि त्यांच्या वस्तीत, त्यांच्या दारात जाऊन बसली. गावातली ती मध्यवर्ती बालवाडी, आणि दारातली ती अंगणवाडी. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी झाली. माँटेसरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, पानं, बिया, खडे आले.

यातला 'वाडी' हा शब्द मोठा लबाड आहे. गुजरातीत आणि कोकणात वाडी म्हणजे बाग. तिथे 'बालवाडी' म्हटलं की फ्रोबेलची बाग सरळ डोळ्यांपुढे येते. मराठवाड्यात वाडी म्हणजे गावाबाहेरची दहा-वीस घरांची वस्ती. पोखर्णीच्या माणसाला अंगणवाडी या शब्दात बाग दिसणार नाही, घरं दिसतील. मला हा अर्थही तितकाच खरा वाटतो.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं आणि शब्द केरळ-तामिळनाडूपर्यंत गेला. त्याबरोबर मुलाचं चित्रही बदललं. आता त्याला भूक होती, वजन होतं, लस चुकलेली असू शकत होती. हे हवंच होतं. उपाशी लेकराला शिंपले मोजायला लावण्यात काय हशील? पण अंगणवाडीताईच्या टेबलावर वजनाची नोंद, लसीकरणाची नोंद, आहाराची नोंद असा ढीग चढत गेला आणि गावाच्या तोंडी अंगणवाडी म्हणजे खिचडी झाली.

शिकणं कुठे राहिलं, ते बघायला दहा चिंचोके पुरतात. चार वर्षांच्या पोरासमोर पाच-पाचच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. 'सारखे आहेत का?' 'हो.' आता त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ फाकवा. बहुतेक पोरं लांब ओळीवर बोट ठेवून सांगतील, यात जास्त आहेत. तेच पोर शंभरापर्यंत अंक धडाधडा म्हणत असेल, तरीही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे प्रयोग करून दाखवलं: संख्या तोंडात येते आधी आणि डोक्यात उतरते नंतर, आणि मधला पूल हाताने खेळून बांधावा लागतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, तो याच समजुतीवर.

पण गावच्या फाट्यावर सकाळी पिवळी गाडी येते. टाय लावलेलं साडेतीन वर्षांचं लेकरू अंगणवाडीसमोरून 'एलकेजी'ला जातं. तिथे त्याने एक ते शंभर लिहायचे असतात. आई-बापाला दोष कसा द्यावा? पोराने पुढे जावं म्हणून ते पोटाला चिमटा काढतात. त्यांना एवढंच कुणीतरी सांगायला हवं, की 'केजी'तला 'के' किंडरचा आणि 'जी' गार्टनचा. बागेच्याच नावाची फी भरून लेकरू बाकावर बसवलंय, आणि चिंचोके राहिले घरच्या अंगणात.