युद्धस्मरण दिन, श्रीलंका
श्रीलंकेत सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात झालेल्या यादवी युद्धाच्या (१९८३–२००९) समाप्तीनिमित्त मे महिन्यात पाळला जाणारा राष्ट्रीय दिवस. १९ मे २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनी संसदेत विजय घोषित केला आणि पुढची काही वर्षे हा दिवस लष्करी संचलनाने ‘विजय दिन’ म्हणून साजरा झाला. मैत्रीपाल सिरिसेना यांनी २०१५ मध्ये त्याला ‘स्मरण दिन’ म्हटले. नाव बदलले, तरी भर जवानांवरच राहिला.

उत्तरेकडील तमिळ लोक मात्र आपल्या मृतांच्या स्मरणार्थ १८ मे पाळतात. युद्धाच्या अखेरीस मुळ्ळिवाय्क्काल येथे वेढ्यात सापडलेल्या नागरिकांना तांदूळ-मिठाची पातळ पेज तेवढी मिळे; तीच पेज त्या दिवशी रस्त्यावर करून वाटतात. अखेरच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचा २०११ चा अंदाज. श्रीलंका सरकारला तो अमान्य आहे. जाफना विद्यापीठातील या मृतांचे स्मारक जानेवारी २०२१ मध्ये पाडले गेले आणि निदर्शनांनंतर त्याच वर्षी पुन्हा उभे राहिले.

या युद्धात भारतीय शांतिसेनेचे (१९८७–९०) सुमारे १,२०० जवान कामी आले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. छातीत गोळी लागूनही त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला टिपले होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शांतिसेनेचे स्मारक कोलंबोलगत श्री जयवर्धनेपुर कोट्टे येथे आहे. भारतात मात्र त्या मोहिमेचा उल्लेख बराच काळ संकोचानेच होत राहिला.