जळक्या तेलाची ऊब

सह्याद्रीच्या कुशींत वसलेल्या कोयनानगरांत वर्षाकाठीं सुमारें ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा मुलखांत अग्नि ही चैन नव्हे. भिंती ओलावतात, अंथरुणें दमट होतात आणि सारें घर चुलीभोंवतीं गोळा होतें. सरपण वाळवावयाचें कोठें, हा तेथील संसाराचा जुनाच प्रश्न होय.

१९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी निघाली. कृष्णाकांठच्या विहिरींवर मोटेची जागा एंजिनानें घेतली, आणि त्याबरोबर खेड्यांत एक नवी वस्तु आली : जळकें तेल. शेतकऱ्यानें तें वायां दवडलें नाहीं. वाळवी लागूं नये म्हणून वाशांना व चौकटींना त्याचा हात दिला.

थंड देशांत याच तेलानें इमारती तापविण्याची विद्या फोफावली. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली व भाव कांहीं महिन्यांत सुमारें चौपट झाले. तेव्हां अमेरिकेंतील मोटारदुरुस्तीवाल्यांचें लक्ष आपल्याच पिंपांकडे गेलें. तेल गाळावयाचें, तापवून पातळ करावयाचें, दाबाच्या हवेनें त्याचे तुषार करावयाचे आणि ते बंदिस्त भट्टींत पेटवावयाचे, अशी ती रीत. वजनास वजन धरिलें तर लाकडाच्या दुपटीहून अधिक उष्णता या तेलांत असते.

परंतु तेलाबरोबर एंजिनाची झीजहि जळते. शिसें, कॅडमियम, क्रोमियम हीं द्रव्यें धुरांत उतरतात. म्हणून अमेरिकेनें १९९२ च्या नियमांत अशा भट्ट्यांस मर्यादा घातली : आपल्याच कारखान्यांत निघालेलें अथवा घरगुती मोटारवाल्यांनीं आणून दिलेलें तेलच जाळावें, आणि धूर इमारतीबाहेर सोडावा.

भारतांत १९८९ सालीं घातक कचऱ्याचे नियम झाले. पुढें वापरलेलें तेल जाळण्यापेक्षां पुनः शुद्ध करण्याकडे कल वाढला. वंगणाचें तेल झिजण्यापेक्षां मळतें अधिक. मळ काढून योग्य द्रव्यें मिसळलीं कीं तें पुनः वंगण होतें. १ एप्रिल २०२४ पासून तर अशा तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तें तयार करणाऱ्या कंपन्यांवरच आली.

कोयनेच्या खोऱ्यांत हा प्रश्न केवळ धुराचा नाहीं. अंगणांत सांडलेलें तेल पहिल्याच पावसांत ओढ्यास मिळतें, ओढा कोयनेस, कोयना कऱ्हाडास कृष्णेस. आणि कृष्णा तेथून सांगलीस जाते. त्याच कोयनेच्या अडविलेल्या पाण्यावर १९६२ पासून वीज निर्माण होत आहे. दमट खोलीस ऊब द्यावयास आतां विजेची शेगडी मिळते. पिंपांतलें काळें तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यापर्यंत पोंचविणारा माणूस मात्र प्रत्येक खेड्यास मिळाला पाहिजे.