दप्तर बदलताना : मोडी फेरफारापासून संगणकीय सातबाऱ्यापर्यंत

एखाद्या मोठ्या संस्थेचा सगळा कारभार नव्या संगणकप्रणालीवर न्यायचा असतो, तेव्हा योजना आखणाऱ्यांपुढे दोन मार्ग असतात. ठरलेल्या दिवशी जुनी व्यवस्था बंद करून नवी सुरू करणे हा एक. टप्प्याटप्प्याने जाणे, काही काळ जुनी आणि नवी शेजारी शेजारी चालवणे आणि दोहोंचा ताळा जमला की जुनीला निरोप देणे हा दुसरा. पहिल्या मार्गाचा धोका सांगताना व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीचे उदाहरण हमखास दिले जाते. तिने १९९९ साली तीन नव्या प्रणाली एकदमच सुरू केल्या. त्यामुळे हॅलोविनच्या ऐन हंगामात, माल गोदामात पडून असतानाही, सुमारे दहा कोटी डॉलरच्या मागण्या तिला वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकाने व्यापारी जगावर सोडून द्यावा, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण महाराष्ट्रात याच जातीचे एक प्रचंड स्थलांतर आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे, आणि त्याचा गाभा संहितेचा आहे. राज्यातील सुमारे ४४ हजार गावांचे अडीच कोटींच्या घरातील सातबारे हस्तलिखितातून संगणकात गेले. लेखन, नक्कल, पाठभेद, संपादन आणि जाहीर वाचन या पाचही गोष्टी त्यात आल्या. म्हणून या स्थलांतराकडे आम्ही पाठचिकित्सेच्या बाजूने पाहू इच्छितो.

टप्प्यांची कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. पेशवाई संपल्यावर दख्खनच्या महसुलाची घडी बसवताना कंपनी सरकारने आधी प्रिंगल यांची पाहणी हाती घेतली. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा सूक्ष्म हिशेब करून त्यावर सारा बसवायचा, असा तिचा बेत होता. सिद्धान्त डौलदार होता, पण मोजणी सदोष निघाली, हाताखालच्या नोकरवर्गाचा भ्रष्टाचार उघड झाला आणि ती पाहणी गुंडाळावी लागली. पुढे १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी निराळी वाट धरली. त्यांनी एकटा इंदापूर तालुका घेतला, मोजणी आणि प्रतवारी सोपी केली, तीस वर्षांसाठी दर कायम केले आणि त्या अनुभवावरून तालुक्यामागून तालुका पुढे सरकत गेले. त्या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले. आधी थोड्यावर करून पाहावे, चुकांतून नियम घडवावेत आणि मग विस्तारावे, असे आजचे संगणक-सल्लागार जे सांगतात, त्याचा देशी वस्तुपाठ इंदापुरात आधीच घालून दिलेला आहे.

मग १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद आली. गावनमुने ठरले. सातव्या नमुन्यात जमीन कोणाची, बाराव्यात तिच्यात काय पिकते. दोन्ही एका कागदावर आले आणि 'सातबारा' हा शब्द मराठी संसारात कायमचा शिरला. सहावा नमुना फेरफाराचा आणि आठ-अ खातेदाराच्या एकूण जमिनीचा. या वह्यांनीही संगणकापूर्वी तीन स्थलांतरे पाहिली. लिपी मोडीची बाळबोध झाली. माप एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. चलन रुपये-आणे-पैंचे दशमान झाले. तिन्ही वेळा जुने लगेच मेले नाही. गुंठा अजून जिभेवर आहे. आणा बाजारातून गेल्यावरही सहहिस्सेदारांचे हिस्से 'आणेवारी'नेच लिहिले जात राहिले. मोडी मात्र कागदावर उरली आणि वाचणाऱ्यांच्या डोळ्यांतून गेली. जुन्याचा कोणता भाग कुठे तग धरतो आणि कुठे नाहीसा होतो, हे योजनेपेक्षा वापरच अधिक ठरवतो.

संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या कचेरीतील यंत्रावर हस्तलिखित सातबारा टंकून घेण्यात आला. टंकणारा बहुधा त्या गावचा नसे. त्याला अक्षर लागे तसे नाव उतरे. पुढच्या टप्प्यात विखुरलेली तालुकावार माहिती एकत्र आणून युनिकोडमध्ये बदलली गेली आणि 'ई-फेरफार' प्रणाली उभी राहिली. दस्त नोंदवला की नोंदणी कार्यालयाकडून त्याची वर्दी थेट तलाठ्याच्या संगणकावर यावी, ही तिच्यातील मुख्य सोय. पण फेरफार ऑनलाइन करायचा तर आधीची नोंद शुद्ध हवी. तशी ती नव्हती. गावाचे एकूण क्षेत्र आणि सगळ्या सातबाऱ्यांची बेरीज जुळत नव्हती, एकच माणूस तीन नावांनी तीन खात्यांत दिसत होता, मयतांची नावे चालूच होती. त्यासाठी आधी 'एडिट' आणि मग 'री-एडिट' अशी सोय आली. संगणकाने विसंगतींचे अहवाल काढायचे, तलाठ्याने जुनी वही उघडून शब्दाला शब्द आणि आकड्याला आकडा लावून पाहायचा, आणि टंकनाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने ती दुरुस्त करायची. अखेरीस तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांनी घोषणापत्रे देऊन संगणकीय प्रत हस्तलिखिताशी जुळते असे सांगायचे. हे झाल्यावरच १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला.

या कामाला साहित्यशास्त्रात पाठसंकलन म्हणतात. भांडारकर संस्थेत १९१९ साली हाती घेतलेली, सुकथनकरांनी १९२५ पासून आकारास आणलेली आणि १९६६ मध्ये पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे आपल्याकडील थोर उदाहरण. योगायोगाने महाराष्ट्र जमीन महसूल संहिताही १९६६ चीच. दोन्ही कामांत अनेक लेखनिकांच्या हातून गेलेली संहिता आहे, प्रक्षेप आहेत, गळालेल्या ओळी आहेत. पण एक भेद निर्णायक आहे. चिकित्सक आवृत्तीत नाकारलेला पाठ तळटीपेत जिवंत राहतो. उद्याचा अभ्यासक संपादकाशी वाद घालू शकतो. सातबाऱ्याच्या पानावर खातेदाराला फक्त अंतिम पाठ दिसतो. आणि कायदा त्या पाठाला मोठे बळ देतो. कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत वा तिच्या जागी कायदेशीरपणे नवी नोंद येईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे लेखनिकाचा हस्तदोष एकदा स्वाक्षरीत गोठला की तो खोटा ठरवण्याचा भार ज्याचे नाव गळाले त्याच्यावर पडतो.

यावर उतारा म्हणून योजनेत एक टप्पा होता, आणि आमच्या मते तोच सर्वांत शहाणा. २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले. संगणकातला सातबारा गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवायचा आणि हरकती ऐकायच्या. कागदाची खातरजमा इथे कानांनी होत होती. लिहिता-वाचता न येणारी म्हातारीही 'हा आमच्या भावकीचा तुकडा, नाव चुकलं' असे सांगू शकत होती. चावडीवर फेरफाराची प्रत लावून हरकतीला मुदत देण्याची कलम १५० मधील जुनी रीत याच जाणिवेतून आलेली आहे. नव्या प्रणालीने संथ सर्व्हरपासून अपुऱ्या मनुष्यबळापर्यंत तलाठ्यांच्या कितीतरी तक्रारी ओढवून घेतल्या, पण हा एक टप्पा तिने जुन्या गावाकडून घेतला.

आता ज्या गावाला अशी चावडीच उरली नाही, तिथे काय होते? वर्सोव्याच्या खाडीपलीकडचे मढ घ्या. साळशेत बेटाच्या या टोकाने दप्तरांची अदलाबदल पुष्कळ पाहिली आहे. पोर्तुगीज अंमल १७३९ मध्ये मराठ्यांनी मोडला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साळशेत घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. राज्य बदलले की दप्तराची भाषा बदलली. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या साळशेत इस्टेट कायद्याने मोठ्या जमीनदारांची सारामाफी संपवली. १९५० आणि १९५७ च्या हद्दवाढींनी उपनगरे महापालिकेत ओढली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला आणि मढ त्याच्या बोरिवली तालुक्यात राहिले. इथे सातबाऱ्याच्या बरोबरीने, अनेकदा त्याच्याऐवजी, नगर भूमापनाची मिळकत पत्रिका आणि नकाशा हाच पुरावा.

मढला या स्थलांतराच्या दोन मर्यादा एकाच ठिकाणी दिसतात. पहिली अशी, की स्थलांतर होते ते लिहिलेल्याचे. सातबारा शेतसाऱ्याच्या जमिनीचा. गावठाणातल्या घरांना तो नसतो. मासळी सुकवण्याची जागा, होड्या ओढून ठेवायचा किनारा, जाळी दुरुस्त करायचे पटांगण यांवर कोळ्यांची वहिवाट पिढ्यानपिढ्यांची. पण वहिवाट ही बोलून आणि वागून टिकते, रकान्यात बसत नाही. पुरंदर तालुक्यातील सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये 'स्वामित्व' योजना देशभर आली, पण ती ग्रामीण भागासाठी. मुंबईच्या कोळीवाड्यांना आपल्या हद्दी विकास आराखड्यावर दाखवा म्हणून वेगळे झगडावे लागले. प्रणालीत ज्याला रकाना नाही, ते स्थलांतराच्या कोणत्याच टप्प्यात येत नाही, आणि म्हणून हरवलेलेही दिसत नाही.

दुसरी मर्यादा याच्या उलट आहे : जे कधी नव्हतेच ते लिहिले गेले तर? मढ-एरंगळ परिसरातील जुन्या भूमापन नकाशांत खाडाखोड करून १९६४ पूर्वीची बांधकामे असल्याचे भासवले गेले आणि त्या बळावर किनारा नियंत्रण क्षेत्रात बंगले उभे राहिले, असा आरोप गेल्या काही वर्षांत मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि विशेष तपास पथकाकडे तपास गेला. अंतिम निवाडा न्यायालयाचा. पण पाठचिकित्सकाला त्यातला प्रश्न ओळखीचा आहे. प्रक्षेप मूळ पोथीतच घुसवलेला असेल तर तिच्याशी कितीही काटेकोर ताळा जमवला तरी प्रक्षेपच प्रमाण होतो. संगणकीय प्रत हस्तलिखिताशी जुळते एवढे घोषणापत्र सांगते; हस्तलिखित जमिनीशी जुळते का, हे ते सांगत नाही. त्यासाठी दुसरी पोथी लागते : स्वतंत्र नकाशा, जुना दस्त, शेजाऱ्याची साक्ष.

म्हणून 'जुनी व्यवस्था बंद करणे' हा टप्पा योजनेत शेवटी लिहिला जात असला, तरी त्याचा अर्थ काळजीने लावायला हवा. जुन्या वहीत नवी नोंद न करणे वेगळे आणि जुनी वही निरुपयोगी मानणे वेगळे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा दीर्घकाळ न उघडलेली मोडी दप्तरे एकाएकी मोलाची ठरली आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. शंभर वर्षांपूर्वीचे लिपीचे स्थलांतर पुरे झाले असे सगळे समजत होते. पण त्याचा एक टप्पा, म्हणजे वाचक तयार ठेवण्याचा, कोणी आखलाच नव्हता. शासनाने जुने अभिलेख स्कॅन करून उपलब्ध करायला घेतले आहेत, हे स्वागतार्ह आहे. मात्र चित्र जपले म्हणून वाचन जपले जात नाही.

आमच्या मराठी विभागांनी मोडीकडे केवळ बखरींची वाट म्हणून पाहू नये, असे आम्हाला वाटते. फेरफाराची वही ही मराठी गद्याची सर्वांत कोरडी आणि सर्वांत परिणामकारक शाखा आहे. तिच्या एका ओळीने माणसे भूमिहीन झाली आहेत आणि एका ओळीने परत उभी राहिली आहेत. ती ओळ कोणी लिहिली, कशावरून उतरवली, मोठ्याने वाचली गेली का आणि ऐकायला कोण हजर होते, हे चार प्रश्न विचारायला पाठचिकित्सा शिकवते. प्रणाली उद्याही बदलेल. तिच्या प्रत्येक टप्प्यावर हे प्रश्न विचारणारा एक वाचक असावा.