पाणी, पैसा आणि काळ : अभियांत्रिकी अर्थशास्त्राच्या अभ्यासकांसाठी

मराठवाड्यातल्या फुलंब्री परिसरात आले किंवा मोसंबी घेणाऱ्या शेतकऱ्यापुढे उन्हाळा लागला की प्रश्न उभा राहतो : विहीर खोल करायची, नवा बोअर घ्यायचा, की शेततळे खोदून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा? बोअर कोरडा गेला तर घातलेला पैसा बुडाला. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यात, बाजू उतरत्या असल्याने, सुमारे २० लाख लिटर पाणी मावते; पण अडकलेली जमीन, उन्हाने उडणारे पाणी आणि पुढे बदलावा लागणारा कागद हाही खर्चच आहे. असे पर्याय एका मापाने मोजून निवड करणे, हे अभियांत्रिकी अर्थशास्त्राचे काम.

या शास्त्राचा पाया काळाच्या हिशेबावर आहे. दहा टक्के व्याजदर धरला, तर दहा वर्षांनी हाती येणाऱ्या एक लाख रुपयांचे आजचे मोल साडेअडतीस हजारांच्या आसपास भरते. आता धरण बांधून झाले आणि कालव्याचे पाणी ठरल्यापेक्षा दहा वर्षे उशिरा शिवारात पोचले, असे समजा. पुढचे उत्पन्न अंदाजाइतकेच आले तरी त्या लाभाचे आजचे मोल साठ टक्क्यांहून अधिक घटते. अंदाजपत्रकात वाढलेला खर्च दिसतो, हे नुकसान दिसत नाही. म्हणूनच रखडलेला प्रकल्प मला महागड्या प्रकल्पाहून अधिक घातक वाटतो.

लाभ कोणाचा मोजायचा, हा प्रश्न याहून अवघड. इंग्रजी अमलात कालव्याची परीक्षा मुख्यतः सरकारी तिजोरीवरून होई : पाणीपट्टीतून भांडवलावरचे व्याज सुटते का? दख्खनचे कालवे या कसोटीला बहुधा उतरत नसत. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि पुण्याच्या गोखले संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी करून प्रत्यक्ष लाभांबरोबर अप्रत्यक्ष लाभही मोजले. तो अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाण्यामुळे मजुरी, व्यापार आणि कारखानदारी यांत होणारी वाढ पाणीपट्टीच्या वहीत कधीच उमटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यानेही लाभ कोणालाही होवो, तो खर्चाहून जास्त असावा, अशी अट घातली होती. पण आपल्याकडे हा विचार गावोगावच्या पाहणीतून उभा राहिला, याचे मोल मला फार मोठे वाटते. पुढे भारतात सिंचन प्रकल्पांसाठी लाभ-व्यय गुणोत्तराची (लाभ भागिले खर्च) कसोटी रूढ झाली. साधारणपणे ते किमान १.५ असावे लागते. अवर्षणप्रवण भागासाठी ही अट शिथिल आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने ही सवलत योग्यच आहे.

मात्र गुणोत्तर हे निर्णयाचे साधन आहे, निर्णय नव्हे. व्याजदर दहाऐवजी पाच टक्के धरला, तर वरच्या एक लाखाचे आजचे मोल एकसष्ट हजारांवर जाते. मग आज नापास ठरणारा पाझर तलाव किंवा झाडांची लागवड पास होऊ शकते. पिकाखालचे क्षेत्र फुगवून दाखवले तर वाईट प्रकल्पही कागदावर उत्तम ठरतो. विस्थापित कुटुंबाचे नुकसान एका आकड्यात बसवताना तर हात थरथरायला हवा.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, सूत्रे पाठ करण्याआधी आपल्या गावातले एक शेततळे, एक बंधारा किंवा एक पाणीपुरवठा योजना निवडा. ती बांधायला किती खर्च आला, पाणी कधी आले, कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हे लोकांना विचारून लिहून काढा, आणि मगच पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण उघडा.