इडली, ताक आणि आपली मर्यादा



"इडली आपल्यात चालत नाही, रात्रभर आंबवलेलं पीठ असतं ते," असं आपल्या अनेक घरांत सांगतात. मर्यादेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण म्हणून इडली आपल्याला परकी नाही. तिचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख एका जैन ग्रंथातच सापडतो.

जुन्या कन्नडमधला हा ग्रंथ म्हणजे 'वड्डाराधने'. तो सुमारे 920 सालचा असून शिवकोटी आचार्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यातल्या एका कथेत, घरी आलेल्या ब्रह्मचाऱ्याला वाढलेल्या पदार्थांमध्ये 'इड्डलिगे' आहे.

कृती मिळते ती शंभरेक वर्षांनी, चावुंडरायांच्या 'लोकोपकार' या ग्रंथात. (श्रवणबेळगोळचे चामुंडराय ते वेगळे.) उडीद ताकात भिजवायचे, बारीक वाटायचे, मग दह्याचं निवळ पाणी आणि मसाला घालायचा. तांदूळ नाही आणि रात्रभर आंबवणंही नाही!

पण ताकात भिजलेले उडीद म्हटल्यावर आपल्या मनात लगेच येतं, अहो, हे तर द्विदल!

12 व्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त कच्च्या गोरसात मिसळलेलं द्विदल वर्ज्य सांगितलं. सोबत दोन दिवसांपुढचं दही आणि नासलेलं अन्नही. 13 व्या शतकात पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृता'त कच्चं गोरस आणि द्विदल यांचा तोच निषेध केला, शिवाय पावसाळ्यात अख्खी कडधान्यं आणि पालेभाज्याही टाळायला सांगितल्या. एक श्वेतांबर, दुसरे दिगंबर, पण या बाबतीत दोघांचं म्हणणं एकच. मला वाटतं, हे नियम हवेत लिहिलेले नव्हते. डाळ ताकात भिजवणारी स्वयंपाकघरं तेव्हा होतीच, आणि जीवदयेचा प्रश्न तिथेच उभा राहत होता.

म्हणून मुलीने वसतिगृहातून फोन करून "आई, इडली का नाही?" असं विचारलं, तर नुसतं "आपल्यात नाही" म्हणू नका. पदार्थ चालतो, भिजवण्या-आंबवण्याची रीत आणि वेळ सांभाळायची, हे तिला सांगा. सकाळी साध्या पाण्यात डाळ भिजवावी, तीन-चार तासांनी वाटावी, लगेच वाफवावी आणि सूर्यास्तापूर्वी संपवावी. इडली थोडी घट्ट होते, पण सांबाराबरोबर छान लागते. कारण समजलं की मुली नियम स्वतःहून पाळतात.